सहीशेजारचा रकाना

अमेरिकेच्या केंद्रीय आयकराच्या अर्जाला इथे सगळे 'टेन-फोर्टी' म्हणतात. त्यात सहीच्या जागेशेजारी एक छोटासा रकाना असतो. तुमचा व्यवसाय काय, एवढंच तिथे लिहायचं. त्यानं कर एका सेंटनंही वाढत नाही किंवा कमी होत नाही. बाकीचा सगळा अर्ज मी समोरचे कागद बघून भरते. हा एक रकाना मात्र माणसाकडे बघून, विचारून भरावा लागतो. २०१३ पासून दर वर्षी मी तो विचारत आले आहे, आणि सांता क्लारा काउंटीबद्दल मला जे काही कळलं त्यातलं बरंचसं या प्रश्नाच्या उत्तरांतून कळलं.

काउंटी म्हणजे साधारण आपल्याकडचा जिल्हा. या काउंटीत सुमारे १९ लाख लोक राहतात. सॅन होजे, कुपर्टिनो, सनीव्हेल, माउंटन व्ह्यू, पालो आल्टो अशी शहरं एकमेकांना इतकी चिकटली आहेत की एक कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं हे पाटी वाचल्याशिवाय समजत नाही. जग याला सिलिकॉन व्हॅली म्हणतं. संगणक येण्यापूर्वी इथे जर्दाळू आणि आलुबुखाराच्या बागा होत्या, फळं डबाबंद करण्याचे कारखाने होते. त्या बागांत राबणारे मेक्सिकन मजूर पूर्व सॅन होजेच्या ज्या वस्तीत राहत, तिला 'साल सी पुएदेस' म्हणत. 'जमलं तर बाहेर पड' असा त्याचा अर्थ. शेतमजुरांचे नेते सीझर चावेझ याच वस्तीत राहत होते. बागा गेल्या, पण पहाटे उठून दुसऱ्याच्या आवारात कामाला जाणारी माणसं अजून त्याच बाजूला राहतात.

तिथल्याच एका सार्वजनिक वाचनालयाच्या सभागृहात जानेवारीच्या शेवटापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत आमची टेबलं लागतात. कमी उत्पन्नाच्या लोकांचे करअर्ज फुकट भरून देण्याची ही योजना इथल्या आयकर खात्याचीच आहे. 'व्हीटा' हे तिचं नाव. स्वयंसेवकाला परीक्षा द्यावी लागते, आणि भरलेला प्रत्येक अर्ज दुसऱ्या स्वयंसेवकाकडून तपासून घ्यावा लागतो. कुणाचं काही बाहेर सांगणार नाही अशी हमीही द्यावी लागते. म्हणून इथे कुणाचं नाव नाही, आणि ओळख पटेल अशा खुणा नि आकडे थोडे बदलले आहेत.

मी या टेबलाशी आले ती हाताला काम नव्हतं म्हणून. सांगलीत बी.कॉम. झाले, पुण्यात एका सीएंच्या ऑफिसात चार वर्षं काम केलं आणि लग्न होऊन २०११ मध्ये एच-फोर, म्हणजे नोकरीवर आलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर इथे आले. त्या व्हिसावर पगाराची नोकरी करता येत नसे. मला सोशल सिक्युरिटी नंबरसुद्धा मिळाला नव्हता, फक्त कर भरण्यापुरता एक वेगळा नंबर दिला होता, नऊपासून सुरू होणारा. पहिल्या वर्षी नवऱ्याबरोबरच्या आमच्या एकत्र अर्जात माझ्या नावासमोरच्या त्या रकान्यात 'होममेकर' असं छापून आलं. त्या शब्दात वाईट काही नाही, माझ्या आईनं जन्मभर तेच काम केलं. पण तो शब्द मला न विचारता टाकलेला होता, आणि त्यावर सही करताना माझा हात थांबला होता. फुकट का होईना, आकडेमोडीचं काम करायला मिळतं आहे म्हटल्यावर मी धावत गेले.

पहिल्या हंगामातली एक बाई मला आजही स्पष्ट आठवते. चाळिशीच्या आतली, अंगावर कामाचा निळा टी-शर्ट, सोबत नऊ-दहा वर्षांची मुलगी दुभाषा म्हणून. तिनं प्लास्टिकच्या पिशवीतून तीन डब्ल्यू-टू काढून टेबलावर ठेवले. डब्ल्यू-टू म्हणजे मालकानं वर्षाअखेरीस द्यायचं पगाराचं पत्रक, आपल्या फॉर्म १६ सारखं. एक ऑफिसं झाडणाऱ्या ठेकेदाराचं, १५,२०० डॉलरचं. दुसरं हॉटेलातल्या धुलाईचं, ६,९०० डॉलरचं. तिसरं शनिवार-रविवारी खाद्यपदार्थांच्या स्टॉलवर उभं राहण्याचं, ३,९०० डॉलरचं. एकूण २६,०००. तीन मालक, तीन गणवेश आणि बाई एकच. तेव्हा कॅलिफोर्नियात किमान वेतन तासाला आठ डॉलर होतं. मनातल्या मनात भागाकार केला तर आठवड्याचे साठहून जास्त तास भरत होते, बसमध्ये जाणारा वेळ सोडून.

मी विचारलं, "व्यवसाय काय लिहू?" मुलीनं आईला स्पॅनिशमध्ये विचारलं. आई जरा विचारात पडली आणि काहीतरी म्हणाली. मुलगी म्हणाली, "आई विचारते, तिघांतलं कुठलं?"

त्या वर्षी तिच्यासारख्या तीन माणसांच्या कुटुंबासाठी सरकारची गरिबीची रेषा होती १९,५३० डॉलर. म्हणजे ही बाई रेषेच्या साडेसहा हजार डॉलर वर होती. सरकारी भाषेत ती गरीब नव्हती. एका खोलीच्या घराचं भाडं महिन्याला बाराशे, म्हणजे वर्षाच्या कमाईतला अर्ध्याहून जास्त भाग तिथेच जात होता. उरलेल्या पैशात तीन पोटं, बसचा पास, शाळा आणि दुखत असलेली एक दाढ. गालावर हात ठेवून ती सगळं सांगत होती.

हिशेब पुरा झाला तेव्हा तिला सुमारे ५,३०० डॉलर परत मिळणार होते. पगारातून कापलेला कर त्यात होताच, पण मोठा भाग होता तो 'अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट'चा. १९७५ पासून ही तरतूद आहे. कमी पगारावर कष्ट करणाऱ्या माणसाला, विशेषतः त्याच्या घरी मुलं असतील तर, सरकार करातून रक्कम परत देतं. पण त्यासाठी आधी स्वतः कमवावं लागतं. कमाई शून्य असेल तर हे क्रेडिटही शून्य. मी स्क्रीन तिच्याकडे वळवली आणि आकड्यावर बोट ठेवलं. ती मुलीशी भराभर बोलायला लागली, बोटं मोडत. थकलेलं भाडं, दाढ, मुलाचे बूट, बहिणीकडून घेतलेले पाचशे.

ती बोटं बघून मला आमचं घर आठवलं. वाळवा तालुक्यात वडिलांचा दोन एकर ऊस होता. घरातल्या प्रत्येक मागणीला एकच उत्तर असे : "उसाचं बिल आलं की बघू." चष्मा, छपराचा पत्रा, माझी कॉलेजची फी, सगळं त्या बिलावर. किराणावाला वर्षभर उधारी लिहायचा तो त्याच भरवशावर. आणि बिल आलं की आधी सोसायटीचं कर्ज वजा होऊन उरलेलं हातात पडायचं. इथल्या रिफंडचं तसंच आहे. थकलेली पोटगी किंवा सरकारी देणं असेल तर ते आधी वजा होतं. वर्षभराची खोळंबलेली कामं एका रकमेवर ढकलून जगायची ती रीत मला ठाऊक होती. तिची भाषा मला येत नव्हती, पण तिचा हिशेब मला तोंडपाठ होता.

पुढच्या वर्षी ती परत आली आणि पिशवीतून दोनच कागद काढले. मधल्या काळात शहरातलं किमान वेतन वाढलं होतं. सॅन होजे स्टेट विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी सह्या गोळा करून किमान वेतनाचा प्रश्न थेट मतदारांपुढे नेला होता. नोव्हेंबर २०१२ मध्ये तो मंजूर झाला आणि मार्च २०१३ पासून शहरात तासाचा दर आठवरून दहा डॉलरवर गेला. "शनिवार-रविवारचं काम सोडलं," मुलीनं सांगितलं. आता आई रविवारी घरी असते, हेही तिनं न विचारता सांगितलं. वेतनवाढीवर पुष्कळ वाद होतात, धंदे बुडतील, नोकऱ्या जातील असं म्हणतात. मी अर्थतज्ज्ञ नाही. पण दोन डॉलरची वाढ म्हणजे एका मुलीला मिळालेला आईचा रविवार, हे मी माझ्या टेबलावर पाहिलं आहे.

एका संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्यातल्याच एकीनं ठामपणे सांगितलं होतं, "इथं काम करायची तयारी असली ना, की कुणी गरीब राहत नाही." ती चांगली बाई आहे, कुणाच्याही अडीअडचणीला धावते. पण हे वाक्य खरं नाही, आणि ते खरं नाही हे सांगण्यासाठीच मी हे लिहिते आहे. माझ्या टेबलावर बहुतेक माणसं कामाचा कागद घेऊन येतात. कामावरून आलेली असतात किंवा कामाला निघालेली असतात. बोलता बोलता घड्याळ बघतात, कारण रात्रपाळीची बस चुकवून चालणार नसतं. तयारीची उणीव मला त्यांच्यात कधी दिसली नाही.

२०२४ च्या हंगामात पन्नाशीचा एक माणूस आला, इस्त्रीचा शर्ट घातलेला. एकच डब्ल्यू-टू, ३६,००० डॉलरचा. व्यवसाय विचारल्यावर त्यानं लगेच सांगितलं, "सिक्युरिटी." पत्ता विचारल्यावर मात्र गप्प बसला. मग बहिणीचा पत्ता दिला, आणि हलक्या आवाजात म्हणाला की टपाल तिथे येतं, तो स्वतः व्हॅनमध्ये राहतो. एल कमिनोसारख्या रस्त्यांच्या कडेला पडदे लावलेल्या व्हॅनच्या रांगा मी रोज बघत होते. आत पगारदार माणूस झोपलेला असेल हे तोवर माझ्या डोक्यात आलं नव्हतं. रात्रभर तो एका रिकाम्या इमारतीची राखण करायचा आणि सकाळी व्हॅनमध्ये झोपायचा. एका खोलीचं साधं घर घ्यायचं तर महिन्याला दोन हजारांच्या आसपास भाडं, वर भरायची अनामत वेगळी. एकट्या माणसासाठी २०२३ ची गरिबीची रेषा होती १४,५८० डॉलर. तो तिच्या दुपटीहून वर होता.

ही रेषा आली कुठून, हे मी नंतर मुद्दाम वाचलं. सोशल सिक्युरिटी खात्यातल्या मॉली ऑर्शान्स्की या बाईंनी १९६३ च्या सुमारास ती मांडली. १९५५ च्या एका पाहणीत कुटुंबं उत्पन्नाचा साधारण तिसरा हिस्सा जेवणावर खर्च करतात असं दिसलं होतं. म्हणून काटकसरीच्या जेवणाचा खर्च काढायचा आणि त्याला तीननं गुणायचं. त्या काळाच्या मानानं ते शहाणपणाचं काम होतं. पण तेव्हापासून तो आकडा महागाईप्रमाणे वाढवत नेला आहे, मूळ गणित तेच राहिलं. आज इथे घरभाडं जेवणाच्या कितीतरी पुढे गेलं आहे. शिवाय अलास्का आणि हवाई सोडले तर सगळ्या देशाला एकच रेषा. २०२३ मध्ये चौघांच्या कुटुंबासाठी ती ३०,००० डॉलर होती. त्याच वर्षी, सांता क्लारा काउंटीत घरांच्या योजनांसाठी चौघांच्या 'अल्प उत्पन्न' कुटुंबाची मर्यादा होती १,३७,१०० डॉलर. दोन्ही आकडे सरकारीच. या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत माझ्या टेबलावरची बहुतेक माणसं राहतात. ती गरिबांत मोजली जात नाहीत आणि त्यांना घरही परवडत नाही.

अलीकडे डब्ल्यू-टू नसलेली माणसं वाढली आहेत. ॲपवर टॅक्सी चालवणारे, घरोघरी जेवण पोचवणारे. कायद्याच्या लेखी ते नोकर नाहीत, स्वतःचे मालक आहेत. सोशल सिक्युरिटी (म्हातारपणीची पेन्शन) आणि मेडिकेअर (म्हातारपणीचा वैद्यकीय विमा) यांच्या कराचे नोकराचा आणि मालकाचा असे दोन्ही हिस्से त्यांनीच भरायचे, १५.३ टक्के. गाडीचा खर्च मैलांच्या हिशेबानं वजा होतो, २०२३ साठी मैलाला साडेपासष्ट सेंट. पण त्यासाठी मैलांची नोंद लागते. ॲपकडून येणाऱ्या हिशेबात बऱ्याचदा ग्राहक बसलेला असतानाचेच मैल असतात. सवारी सोडून रिकाम्या गाडीनं परतलेले मैल कुणी लिहिलेले नसतात. म्हणून मी आता प्रत्येकाला एक साधी वही ठेवायला सांगते. एक व्हिएतनामी आजोबा पुढच्या वर्षी खरंच वही घेऊन आले, रोजची तारीख आणि मीटरचा आकडा सुबक अक्षरात. त्या वहीनं त्यांचे दीडेक हजार डॉलर वाचले. तपासणाऱ्या आमच्या सहकाऱ्यानं ती वही दोन्ही हातांनी परत दिली.

एका वर्षाबद्दल मला पोटतिडकीनं सांगायचं आहे. कोविडच्या काळात, २०२१ पुरतं, मुलांसाठीचं क्रेडिट वाढवलं गेलं. सहा वर्षांखालच्या मुलामागे ३,६०० आणि मोठ्या मुलामागे ३,००० डॉलर. जुलैपासून डिसेंबरपर्यंत त्यातली अर्धी रक्कम दरमहा खात्यात यायची. ज्यांची कमाई नव्हती त्यांनाही पूर्ण मिळालं. घरभाडं आणि सरकारी मदत धरून गरिबी मोजायची जी दुसरी पद्धत जनगणना विभाग वापरतो, तिच्यानुसार त्या वर्षी देशातल्या मुलांची गरिबी ५.२ टक्क्यांवर आली. पुढच्या वर्षी वाढीव क्रेडिट बंद झालं आणि आकडा १२.४ टक्के झाला. एका वर्षात दुपटीहून जास्त. २०२३ च्या हंगामात एक आई स्क्रीनकडे बघून मला विचारत होती, "मी काय चुकीचं भरलं?" मागच्या वर्षीपेक्षा रिफंड इतका कमी कसा, हे तिला कळेना. काम तेच, मुलं तीच. तिचं काही चुकलं नव्हतं, हे मी तिला तीनदा सांगितलं. तरी उठताना तिच्या चेहऱ्यावर आपलंच काहीतरी राहून गेल्याचा भाव होता. गरिबी कमी करता येते हे त्या वर्षानं दाखवून दिलं होतं. ती पुन्हा वाढू देणं हा निर्णय होता, नशीब नव्हे.

आता शेवटची गोष्ट, जी लिहायला मला सगळ्यात जड जाते.

त्याच २०२४ च्या मार्चमध्ये एका शनिवारी रांगेत स्वेटरवर पदर घेतलेली एक बाई दिसली. नाव पुकारलं तसं मी न राहवून विचारलं, "मावशी, कुठल्या तुम्ही?" त्यांचा चेहराच उजळला. "कराडकडची गं. तू?" त्रेसष्ट वर्षांच्या, मुलाच्या मागे ग्रीन कार्डवर आलेल्या, मुलाच्या दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या. बँकेच्या पासबुकासारखी एक छोटी वही त्यांनी पिशवीतून काढली. आपल्या लोकांची दोन बाळं त्या घरी सांभाळत होत्या. आई-बाप सकाळी सोडून जायचे, संध्याकाळी न्यायचे आणि महिन्याच्या महिन्याला रोख द्यायचे. वहीत बाराही महिने लिहिलेले होते. बेरीज ९,००० डॉलर.

"मुलगा म्हणतो, कशाला भरतेस, रोखीचे पैसे कोण विचारतंय," त्या म्हणाल्या. "पण मला कुणीतरी सांगितलं, चाळीस क्वार्टर भरले की म्हातारपणी आपल्या नावानं पेन्शन मिळते. खरं का?"

खरं होतं. २०२३ मध्ये दर १,६४० डॉलर कमाईला एक क्वार्टर, वर्षाला जास्तीत जास्त चार, असे चाळीस भरले की सोशल सिक्युरिटीचा हक्क लागतो. पण ती कमाई कागदावर आली तरच. मी हिशेब मांडला. आयकर शून्य, पण स्वयंरोजगाराचा कर सुमारे १,२७० डॉलर. त्यातून अर्न्ड इन्कम क्रेडिटचे ६०० वजा जाऊन ६७० च्या आसपास भरायचे. आमच्याकडे लोक रिफंडच्या आशेनं येतात, त्यामुळे मी जरा चाचरतच सांगितलं. मावशींनी क्षणभरही विचार केला नाही. "भरते की. चार झाले ना माझे?" आदल्या दोन वर्षांची कमाई अजून मुदतीत होती, तेही अर्ज भरता येतील असं सांगितल्यावर त्यांनी वहीची मागची पानं उलटली. तीही लिहिलेली होती.

कुटुंबाच्या हिशेबात मावशी गरीब नाहीत. मुलाचा पगार धरला की घर रेषेच्या कितीतरी वर. पण जेवणाखाण्याची ददात नसूनही स्वतःच्या नावावर काही नसणं म्हणजे काय, हे मी नऊपासून सुरू होणाऱ्या त्या नंबरावर चार वर्षं अनुभवलं होतं.

आणि समोर त्या बसल्या असताना मला दुसरी एक मावशी दिसत होती. २०१५ मध्ये काही एच-फोरवाल्यांना कामाची परवानगी मिळाली, त्यांत मीही होते. मला नोकरी लागली तेव्हा माझी मुलगी दीड वर्षाची होती. शेजारच्या एका मराठी मावशींकडे मी तिला दोन वर्षं ठेवलं. रोख दिले, वेळेवर दिले, दिवाळीला साडी दिली आणि आपण चांगलं वागलो असं समजत राहिले. दिवसभर लोकांच्या कमाईचे कागद नीट लावणारी मी. त्या कमाईची नोंद करा, त्यातून तुमचा हक्क तयार होतो, हे त्यांना एकदाही सांगितलं नाही. माझं घर, माझी नोकरी, माझे क्वार्टर ज्यांच्या कष्टावर उभे राहिले, त्यांची दोन वर्षं मी कागदावर येऊच दिली नाहीत. आता त्यांची मुदत उलटून गेली आहे. मी फोन करून हे त्यांना सांगितलं, माफी मागितली. त्या म्हणाल्या, "अगं, तुला तरी तेव्हा कुठं सुचणार." पण मला सुचायला हवं होतं. ते माझं कामच होतं. तेव्हापासून ओळखीतल्या ज्या घरात मूल सांभाळायला कुणी येतं, तिथे मी हा विषय काढते. काहींना ते आवडत नाही.

त्या शनिवारी मावशींचा अर्ज पुरा झाला आणि मी शेवटच्या रकान्याशी आले. "मावशी, व्यवसाय काय लिहू?"

त्या म्हणाल्या, "मला कसला व्यवसाय?"

मी काही बोलले नाही. त्यांनी आपल्याच वहीकडे बघितलं, बारा महिन्यांच्या बेरजेवर अंगठा फिरवला.

"मुलं सांभाळते," त्या म्हणाल्या. "तसं लिही."

मी 'चाइल्ड केअर' असं लिहिलं, कागद छापून आणला आणि त्यांना दाखवला. इंग्रजी अक्षरं त्यांनी एकेक करून लावली. मग सही मराठीत केली तर चालेल का असं विचारलं. चालते, मी सांगितलं. सावकाश, पूर्ण नाव लिहून त्यांनी सही केली.